छोट्या वायसरची मोठी गोष्ट

८ मार्च म्हटलं की पेणपासून रोह्यापर्यंत गावोगावी महिला दिनाचे कार्यक्रम. कुठे पाककृती स्पर्धा, कुठे खेळ पैठणीचा, कुठे बचत गटाच्या बायकांचा सत्कार. एक गुलाबाचं फूल मिळतं, फोटो निघतो आणि ९ मार्चला पुन्हा डबे, धुणी आणि पाण्याची वेळ. मैत्रिणींनो, याच ८ मार्चला, १९०९ साली, इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात वॉटरलूव्हिल नावाच्या छोट्याशा गावात एका खाटकाच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव बीट्रिस शिलिंग. ओळखीची माणसं तिला टिली म्हणत.

आपल्याकडे हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही. पण इंजिनांच्या दुनियेत ते मानाने घेतलं जातं. धापा टाकणारं, मधेच बंद पडणारं, ताकद असून दगा देणारं इंजिन ठीक करायचं आणि मग त्याच्याकडून आधीपेक्षा जास्त काम करून घ्यायचं, हे टिलीचं आयुष्यभराचं काम. मोटारसायकल असो, लढाऊ विमान असो की शर्यतीची छोटी मोटार, तिची रीत एकच. आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायचं, मगच हत्यार उचलायचं.

लहानपणी इतर मुली बाहुल्यांशी खेळायच्या तेव्हा टिलीला मेकॅनोचं वेड. पट्ट्या, बोल्ट, नट जोडून यंत्रं बनवायची. खाऊच्या पैशांतून ती चाकू, पाना, गोंदाचं भांडं अशी हत्यारं घ्यायची. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने मोटारसायकल घेतली! ती चालवण्यापेक्षाही तिला ती उघडून पुन्हा जोडण्यात जास्त रस होता. आपल्याकडे आज मुलगी कॉलेजला स्कूटर घेऊन गेली तर कुणाला नवल वाटत नाही. पण तीच मुलगी अंगणात बसून प्लग काढून घासायला लागली तर शेजारीण कुंपणावरून डोकावून बघते. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्येही असंच व्हायचं. टिलीने मात्र डोकावणाऱ्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही.

शाळा संपली आणि मुलीला इंजिनिअर व्हायचंय हे ऐकून घेणारं कुणीतरी भेटायला हवं होतं. ती भेटली मार्गारेट पार्ट्रिज. ही स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर, गावोगावी वीज पोहोचवण्याचा धंदा करणारी धडाडीची बाई. तिच्या हाताखाली टिली वायरिंग करायला, जनरेटर बसवायला शिकली. मुलीचा हात चांगला आहे हे पाहून पार्ट्रिजबाईंनीच तिला पुढे शिकायला लावलं. टिली मँचेस्टर विद्यापीठात गेली. इंजिनिअरिंगच्या वर्गात सगळी मुलं, मुली अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. १९३२ मध्ये ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवीधर झाली आणि १९३३ मध्ये मेकॅनिकलची मास्टर्स पदवीही घेतली. तारीख लक्षात घ्या. आपल्याकडे ए. ललिता या मद्रासच्या गिंडी कॉलेजमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या त्या १९४३ मध्ये. आणि १९७४ च्या सुमारास पुण्याच्या टेल्कोची नोकरीची जाहिरात निघाली, तर तीत बायकांनी अर्ज करू नये असं चक्क छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पत्र टाकलं तेव्हा ते दार उघडलं.

शिक्षण झाल्यावर टिलीला बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक मकलो यांच्या हाताखाली संशोधनाचं काम मिळालं. विषय होता सुपरचार्ज केलेलं इंजिन. आता हे सुपरचार्ज प्रकरण काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याला ते समजायला पुस्तक नको. चुलीजवळची फुंकणी आठवा. लाकडं तीच, चूल तीच, पण फुंकणीने दमदार फुंकर मारली की जाळ कसा भसकन उठतो! इंजिनाचंही तसंच. इंधन जळायला हवा लागते. साधं इंजिन आपल्या दमाने जेवढी हवा आत ओढेल तेवढ्यावरच चालतं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाची फुंकणी. ती जास्तीची हवा दाबून आत भरते, त्यामुळे जास्त इंधन जाळता येतं आणि छोटं इंजिनही मोठ्या इंजिनासारखं जोर करतं. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० च्या सुमारास हवा फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, बनवला. असले ब्लोअर आधी भट्ट्यांना वारा घालायचे. पुढे १९२० च्या दशकात मर्सिडीजसारख्या मोटारींवर सुपरचार्जर चढले.

पण फुंकणीचा एक धोका प्रत्येकीला ठाऊक आहे. जास्त फुंकलं तर राख उडते, भांडं करपतं. इंजिनातही हवा दाबली की ती तापते, दट्ट्यावरचा भार वाढतो, इंधन अवेळी पेटून आतून ठोके यायला लागतात. म्हणजे ताकद वाढवणं सोपं, ती पचवणं कठीण. टिलीचा बर्मिंगहॅमचा सगळा काळ या हिशोबात गेला आणि तोच तिला पुढे कामी आला.

हे सगळं प्रयोगशाळेत चाललेलं असताना सुटीच्या दिवशी बाईसाहेब शर्यतीच्या मैदानात! ब्रुकलँड्स हा इंग्लंडचा नावाजलेला शर्यतीचा ट्रॅक. तिथे ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळायचा. १९३४ मध्ये टिलीने आपल्या ५०० सीसीच्या नॉर्टन मोटारसायकलवर ताशी १०६ मैलांनी, म्हणजे सुमारे १७० किलोमीटरच्या वेगाने फेरी पूर्ण केली. मोटारसायकलवर हा बिल्ला मिळवणाऱ्या बायका ब्रुकलँड्सच्या इतिहासात फक्त तीन. त्यांतली ती दुसरी. विशेष म्हणजे गाडीचं इंजिन जुळवण्याचं काम ती स्वतः करायची. नुसतं चालवणं वेगळं आणि आपण जुळवलेल्या इंजिनावर जीव टाकून बसणं वेगळं.

१९३६ मध्ये ती फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत, म्हणजे रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये लागली. सुरुवातीला काम मिळालं ते इंजिनांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं. हाताला ग्रीस लागायची सवय असलेल्या बाईला टेबलावर बसवलं! पण टिली तिथे रुळून बसली नाही. खटपट करून ती कार्ब्युरेटरच्या विभागात गेली. तिथेच जॉर्ज नेलर हा तिच्यासारखाच गाडीवेडा इंजिनिअर भेटला. ब्रुकलँड्सचा तारा मिळवल्याशिवाय लग्न नाही अशी अट तिने त्याला घातली होती, असं सांगतात. अट खरी असो वा गंमत, जॉर्जने तारा मिळवला आणि १९३८ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्या काळी ब्रिटिश सरकारी नोकरीत लग्न झालेल्या बाईने राजीनामा द्यायचा असा रिवाज होता. तो १९४६ पर्यंत टिकला. टिली मात्र लग्नानंतरही कामावर राहिली आणि १९६९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच होती.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये जर्मन विमानं इंग्लंडवर चालून येऊ लागली. ब्रिटिशांची भिस्त स्पिटफायर आणि हरिकेन या दोन विमानांवर. दोघांतही रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन. बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं, सुपरचार्ज केलेलं! आकाशात वर हवा विरळ, तिथे ही फुंकणी नसती तर इंजिनाचा जीवच गुदमरला असता. इतकं सगळं उत्तम असूनही त्याच्यात एक घातक खोट होती. वैमानिकाने विमानाचं नाक एकदम खाली घातलं की इंजिन क्षणभर गचकायचं आणि मग काळा धूर ओकत बंद पडायला बघायचं. जर्मन विमानांच्या इंजिनात इंधन थेट फवारलं जायचं, त्यांना ही अडचण नव्हती. त्यांनी हे हेरलं. पाठलाग सुरू झाला की ते सरळ खाली सूर मारायचे आणि निसटायचे. ब्रिटिश वैमानिकाला त्याच्यामागे जायचं तर आधी विमान उलटं करावं लागे. त्या दोन-चार सेकंदांत शिकार निसटायची, नाहीतर आपणच शिकार व्हायचो. वीस-बावीस वर्षांची पोरं होती ती.

दुखणं कुठे होतं? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक डोळ्यांसमोर आणा. पाणी वर आलं की गोळा तरंगतो आणि नळ बंद होतो, पाणी उतरलं की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. मर्लिनच्या कार्ब्युरेटरमध्येही असंच इंधनाचं भांडं आणि तरंगणारा फ्लोट. विमान झपकन खाली वळलं की आतलं इंधन उसळून भांड्याच्या छताला जाऊन चिकटायचं. आधी इंजिनाला इंधनच मिळायचं नाही, म्हणून गचका. त्याच वेळी फ्लोटची गफलत व्हायची, भांडं रिकामं झालंय असं समजून झडप पूर्ण उघडायची आणि पंप इंधनाचा लोंढा आत ढकलायचा. इंजिन अक्षरशः बुडायचं.

कार्ब्युरेटर मुळापासून नवा बनवायला वेळ लागणार होता. वेळ कुणाकडेच नव्हता. टिलीने वेगळा विचार केला. लोंढा येतो ना? मग लोंढा येऊच द्यायचा नाही. इंजिन पूर्ण जोरात असताना त्याला जास्तीत जास्त किती इंधन लागतं हे तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मोजलं. आणि इंधनाच्या नळीत बसेल असा पितळेचा एक छोटासा तुकडा बनवला, मधे बरोब्बर तेवढंच इंधन जाईल एवढं भोक. पुढे त्याचं साध्या चपट्या वायसरसारखं रूप झालं. गॅसच्या शेगडीतल्या जेटचं भोक आपण पाहिलंय. ते मोठं झालं तर ज्योत पिवळी होऊन भांडी काळी करते, बुजलं तर शेगडी पेटतच नाही. सगळी करामत त्या भोकाच्या मापात. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला हे लगेच पटेल. रेघ केसभर हलली की सगळी मूर्ती बिघडते.

सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे हा तुकडा बसवायला विमान कारखान्यात न्यावं लागत नव्हतं. ते विमानतळावरच बसायचं. १९४१ च्या सुरुवातीला टिली आपल्या छोट्या तुकडीसह तळामागून तळ फिरली. प्रवास कशाने? तर शर्यतीत पळून पळून जुनी झालेली तीच नॉर्टन मोटारसायकल! मार्चपर्यंत लढाऊ विमानांच्या सगळ्या ताफ्यात हा तुकडा बसला होता. विमानाच्या दुखण्याचा तो कायमचा इलाज नव्हता, उलटं विमान फार वेळ चालवता येत नव्हतंच. तो इलाज १९४३ मध्ये नव्या प्रेशर कार्ब्युरेटरने झाला. पण मधली दोन वर्षं, ऐन लढाईची, त्या एका वायसरवर निभावली. युद्धाच्या पुढच्या काळात तिचा जॉर्ज लँकेस्टर बॉम्बर विमान चालवायला गेला. त्या विमानालाही चार मर्लिन इंजिनं. बायको जमिनीवर ज्या इंजिनांशी झुंजते त्याच्याच भरवशावर नवरा रात्री आकाशात. कसे दिवस काढले असतील तिने!

वैमानिकांनी त्या तुकड्याला टिलीच्या नावावरून एक चावट नाव ठेवलं होतं. कौतुकही त्यातच आणि टवाळीही त्यातच. बाईने काम केलं की तिच्या कामाआधी तिच्या बाईपणावर विनोद होतो, हे तिलाही चुकलं नाही. सरकारने युद्धानंतर तिला ओबीई हा किताब दिला.

युद्ध संपलं तरी टिली थांबली नाही. पावसाने ओल्या झालेल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात याचा तिने अभ्यास केला. आषाढात वडखळजवळ महामार्गावर पाणी साचलेलं असताना ज्यांनी गाडीचा ब्रेक दाबून पाहिलाय त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. आणि शर्यतीही सुटल्या नाहीत. ब्रुकलँड्स बंद पडल्यावर नवरा-बायको मोटारींच्या शर्यतीत उतरले. पन्नाशीच्या आसपास टिली ऑस्टिन-हिली स्प्राइट ही चिमुकली गाडी पळवत होती. मूळ स्प्राइटचं इंजिन अवघं ९४८ सीसी, आपल्याकडच्या हजार सीसीच्या गाड्यांहूनही लहान. १९६७ मध्ये डॅन गर्नी या नामवंत ड्रायव्हरच्या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन फार तापत होतं, तेव्हा त्यांनीही टिलीचा सल्ला घेतला. वय ५८!

आता तिची रीत आपल्या दारातल्या गाडीला लावून पाहू. अनेक घरांत लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली छोटी गाडी आहे. खरा सुपरचार्जर आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत क्वचितच, पण त्याचा भाऊ टर्बो पुष्कळ डिझेल गाड्यांत आहे. फरक एवढाच की सुपरचार्जरला इंजिनच पट्ट्याने नाहीतर दातेरी चाकांनी फिरवतं आणि टर्बोला सायलेन्सरकडे जाणारा धूर फिरवतो. पेणहून नागोठण्यामार्गे रोह्याला निघालं, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या की भिसे खिंडीच्या चढावर गाडी दम टाकते. गॅरेजवाला सांगतो, इंजिन काम काढावं लागेल. आकडा ऐकून घरात शांतता पसरते. कधी मुलीच्या फीचे, कधी भिशीचे पैसे त्यात जातात.

अशा वेळी टिली काय करती? आधी बघती, ऐकती, मोजती. धुराचा रंग पहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, पांढरा धूर सुटतच राहिला तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता. मग स्वस्तातल्या गोष्टी. एअर फिल्टर बुजलाय का? हवेच्या होज पाइपला चीर गेलीय का, क्लिप सैल आहे का? फुंकणीलाच भोक पडलं तर जाळ कसा उठणार! पट्टा घसरतोय का? ऑइल कधी बदललं? टर्बो आणि सुपरचार्जर दोघेही ऑइलच्या बाबतीत फार नाजूक. रेडिएटर, कूलंट ठीक आहे का? एवढं करून भागलं नाही तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगायचं. आकडे कमी आले, सिलिंडरागणिक फार फरक दिसला, तर रिंगा किंवा वाल्व झिजलेत असं समजायचं. मग इंजिन उघडणं रास्त. आकडा न मागता इंजिन उघडू द्यायचं नाही.

आणि गाडीची ताकद वाढवायची हौस? ती घरातल्या पोरांना हमखास असते. सुपरचार्जरची पुली लहान बसवली की तो जास्त वेगाने फिरतो, टर्बोच्या गाडीत कॉम्प्युटरची सेटिंग बदलली की जास्त हवा, जास्त इंधन. पण झिजलेल्या रिंगांवर हा भार टाकणं म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला पोत्यांची हमाली सांगणं. आधी तब्येत, मग ताकद. शिवाय कंपनीच्या मूळ नोंदीहून वेगळा बदल इंजिनात करायचा तर मोटार वाहन कायदा आडवा येतो. एमएच-०६ गाड्यांचं आरटीओ पेणलाच आहे, तिथे आधी विचारलेलं बरं. विम्याचाही प्रश्न असतो.

टिली १८ नोव्हेंबर १९९० रोजी, ८१ व्या वर्षी गेली. २०१८ मध्ये लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगच्या नव्या इमारतीला तिचं नाव दिलं. तिला उशिरा मिळालेला हा मान. पण तिच्या मागे एक मार्गारेट पार्ट्रिज उभी राहिली नसती, तर हे नाव कुणाला कळलंही नसतं. आपल्याकडे दहावी झालेल्या मुलीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करता येतो. धाटावच्या एमआयडीसीपासून महामार्गावरच्या गॅरेजपर्यंत इंजिन, पंप, ब्लोअर समजणाऱ्या माणसांची गरज आहे. फॉर्म भरायच्या दिवसांत एखादी मुलगी ब्युटी पार्लरच्या कोर्सऐवजी या फॉर्मकडे बघत उभी असेल, तर तिला हसू नका. पेन तिच्या हातात द्या.